परवा जाऊन आलो

दुपारचं जेवण झालं की नाना टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसतात आणि विचारतात, "तो लिफ्टचा पिक्चर लागतो का गं तुझ्याकडं?" रोज विचारतात आणि मी रोज लावते. नाना म्हणजे माझे वडील. त्यांना विसरण्याचा आजार आहे. त्यांच्या लेखी तो सिनेमा पाहून पुष्कळ वर्षं झाली, माझ्या लेखी कालची दुपार.

सिनेमा जुना आहे, इंग्रजी, हिंदीत बोलणारा. एक सासू आणि तिचा जावई एका हॉटेलच्या लिफ्टमध्ये शिरतात. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. लिफ्ट दर मजल्यावर वेगळ्याच शतकात उघडते. कुठे राजाचा दरबार, कुठे चाच्यांचं जहाज, एका मजल्यावर तर थेट चंद्रावरची खानावळ. त्यांना फक्त खाली, आपल्या काळात परत यायचं असतं, आणि नेमकं खालच्या मजल्याचं बटण दबत नाही.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी पाचवीत होते. कॉलनीत कुणीतरी भाड्याने व्हीसीआर आणला होता आणि एका खोलीत तीसेक माणसं कोंबून बसली होती. नाना अंबडच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. पहिली पाळी करून ते तसेच आले, कपड्यांना मशीनच्या कूलंटचा वास. जावई बटणावर बुक्क्या मारायला लागला तसे नाना मोठ्याने म्हणाले, "स्प्रिंग गेलीय त्याची. दोन मिनटाचं काम हाय, उगाच बोंबलतायत." सगळी खोली सिनेमापेक्षा त्यांनाच जास्त हसली. माझे वडील त्या लिफ्टमध्ये असते तर सिनेमा दहा मिनिटांत संपला असता, असं मी दुसऱ्या दिवशी शाळेत ठासून सांगितलं.

आता मी चाळिशी ओलांडलेली बाई आहे आणि सिनेमा मला तोंडपाठ झालाय. इतक्या वेळा पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली. लहानपणी मला तो प्रवासाचा सिनेमा वाटला होता. तसा तो नाहीच. राजा, चाचे, चंद्र हे सगळं मिळून अर्धा तास असेल. बाकी सगळा वेळ दोन माणसं एका पेटीत अडकलेली आहेत, तेच तेच बोलतायत आणि एकमेकांचा जीव खातायत. यात हसण्यासारखं काय आहे, असं मला आताशा खरोखर वाटतं. नाना मात्र हसतात, तेही नेमके त्याच जागी. स्प्रिंगचं वाक्यही चुकत नाही. बायको गेली हे विसरलेला माणूस स्प्रिंग विसरत नाही, आणि मला त्याचा रागच येतो.

आठ महिन्यांपूर्वी ते पहाटे उठून, गणवेशाचा जुना शर्ट चढवून पहिल्या पाळीला निघून गेले. निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षं झालीत. कारखान्याच्या फाटकावरच्या माणसाने चहा पाजून बसवून ठेवलं म्हणून सापडले. तेव्हापासून मी दाराला आतून कुलूप लावते आणि किल्ली गळ्यात घालते. मी यंत्रांच्या भागांची ड्रॉइंगं करते, तीही घरूनच. भाजी दारात येते, औषधं दारात येतात. गच्चीवर कपडे वाळत घालायलासुद्धा गेले नाही. मैत्रिणी आधी फोन करायच्या, आता शुभेच्छांची चित्रं पाठवतात. भाऊबहीण मला नाही. आई असती तर, हे वाक्य मी पुरं करत नाही.

आणि मी चिडते. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. पाळी सुटली का, असं नाना सकाळपासून विचारत राहतात. पहिल्या चार वेळा मी नीट उत्तर देते. पाचव्यांदा माझा आवाज चढतो. एकदा मी ताट आपटलं. ते दचकून माझ्याकडे बघत राहिले, परक्या घरात आल्यासारखे.

मग ऑफिसचं पत्र आलं. एक तारखेपासून घरून काम बंद, रोज हजर राहायचं. सिन्नरच्या रस्त्यावर अशा आजाराच्या म्हाताऱ्यांना सांभाळणारं एक घर आहे. तिथे मी पूर्वीच नाव देऊन ठेवलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. या गुरुवारी तिथल्या बाईंचा फोन आला. एक खाट रिकामी झाली होती. शनिवारी सकाळी आणायचं, नाहीतर पुढच्या माणसाला देणार. संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगा, म्हणाल्या. मी खात्री करायला म्हणून फोनवर तेच पुन्हा बोलत गेले, "परवा. सिन्नर रोड. नानांना."

मागे वळले तर नाना उभे.

"परवा काय?"

मी त्यांना खुर्चीत बसवलं. टीव्ही बंद केला. सांगायचं तर धड सांगायचं, असं ठरवलं होतं, पण धड काही जमेना. "नाना, सिन्नरच्या रस्त्यावर एक घर आहे. तिथे तुमच्यासारखी माणसं असतात. परवा..." आणि वाक्य तिथेच राहिलं.

आपल्या मराठीतला परवा मागेही असतो आणि पुढेही. त्यातला कुठला ते क्रियापद आलं की कळतं. माझं क्रियापद घशातच अडकलं, आणि नानांनी त्यांच्या सोयीचा परवा उचलला.

"हां, परवा," ते म्हणाले. "जाऊन आलो की."

दुरुस्त करायला हवं होतं. पण आठ महिन्यांत मी त्यांना इतकं दुरुस्त केलंय की त्या क्षणी नको वाटलं. मी विचारलं, "कसं होतं तिथं?"

"बरं होतं. जेवण चांगलं होतं, भाकरी मऊ. टीव्ही होता." थोडा विचार करून म्हणाले, "पण बाहेर जाऊ द्यायचे नाय. कुलूप."

"आणि माणसं?"

"माणसं कुठली! एक बाई होती फक्त. चष्मेवाली, तुझ्याएवढी. दिवसभर कंप्युटरवर रेघा मारायची. माझं सगळं करायची बिचारी, अंघोळसुद्धा." त्यांनी माझा चष्मा बघितला, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. "लय चिडायची मात्र."

मी विचारलं, "मारायची का?"

"छे छे. मारायची नाय." नाना माझ्याकडे झुकले आणि एखादी खाजगी गोष्ट सांगावी तसे हळू बोलले, "तिलाबी सोडत नव्हते गं. मी रोज पाळीचं विचारायचो ते तिच्यासाठी. म्हटलं हिची पाळी सुटली तर घरी तरी जाईल. दमली होती ती."

मी नानांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले, मोठ्याने, लहान मुलीसारखी. त्यांनी माझ्या केसांतून हात फिरवला आणि काय झालं म्हणून विचारलं. कुणी काही बोललं का, म्हणाले. मी म्हटलं, नाही, कुणी नाही.

मग तोंड धुऊन आले आणि त्यांच्यासमोरच बसून सिन्नर रोडच्या बाईंना फोन लावला. म्हटलं, आणते. शनिवारी आणते. त्यांनी विचारलं की पेशंटच्या काही खास सवयी आहेत का, लिहून घेते.

"सारखं विचारतील, पाळी सुटली का म्हणून," मी म्हटलं. "त्यांना सांगा, सुटली. ती घरी गेली."