दुसरी हाक

सुट्टी होती म्हणून मी आणि मेहुणा डोंबिवलीच्या खाडीच्या बांधाने लांबवर चालत गेलेलो. वादळी पावसात आमची चुकामूक झाली. तिथला एक म्हातारा मला रस्त्यापर्यंत सोडायला निघाला. डोक्यावर पावसासाठी खताची रिकामी गोणी. प्रत्येक पावलाआधी अंगठ्याने चिखल चाचपायचा.

मागून मेहुण्याची हाक आली, माझ्या नावाने. मी वळणार, तोच म्हाताऱ्याने माझं कोपर धरलं.

"पयल्या हाकंला वलाचा नाय. मानूस असंल तं परत हाक मारंल."

आम्ही थांबलो. दुसरी हाक आली नाही. मेहुणा पाण्यात पडला असेल तर? मला म्हाताऱ्याचा संताप आला.

रस्त्यावर मेहुणा टपरीत चहा पीत बसलेला. "कुठे होतास रे? मी केव्हाचा इथेच आहे!"

म्हाताऱ्याने गोणी सारखी केली. त्याला त्याच बांधाने परत जायचं होतं.