कळवतो म्हणाले होते

यवतमाळात मी कॉलेजच्या मुलींसाठी मेस चालवते. पोळ्या लाटताना हात अडकलेले, कान मोकळे. त्यामुळे असे किस्से माझ्याकडे आपोआप साठत जातात.

‘घोस्टिंग’ हा शब्द मला आर्णीच्या शीतलने शिकवला. रोज बोलणारा माणूस एक दिवस गप्प होतो. भांडण नाही, कारण नाही. मी म्हटलं, म्हणजे भूतच झाला की!
“भूत तरी दिसते कोणाले, काकू,” शीतल म्हणाली.

पुढे कळलं, तिनेही एका मुलाला असंच सोडलं होतं. मी विचारलं, काहून? सरळ नाही म्हणायचं होतं.
“नाही म्हटलं तर तो रडन. मले नाही पाहवत.”
आपल्याला पाहवत नाही म्हणून दुसऱ्याने वाट पाहत राहायचं, ही कसली माया? मला अजून उमगलेलं नाही.

वणीच्या पल्लवीवर मात्र उलटी वेळ आली. तिच्या मित्राने बोलणंच बंद केलं. जेवताना ती फोन पालथा ठेवायची आणि घासागणिक उलटून पाहायची. पोळी तशीच राहायची. माझं काय चुकलं एवढंच त्याने सांगावं, म्हणायची. एकदा शीतलला तो बसस्टँडवर दुसऱ्या मुलीबरोबर दिसला.
ऐकून पल्लवी म्हणाली, “चला, जिवंत तर हाय!”

मग मी तिला माझी गोष्ट सांगितली. मला पाहायला पहिले पाहुणे आले, आलूपोहे खाऊन ‘कळवतो’ म्हणून गेले. फोन शेजारच्या किराणा दुकानात. बाबा रोज तिथे काहीतरी आणायला जायचे. घरात मीठच मीठ झालं! पाहुण्यांचं कळवणं अजून बाकी आहे.
पल्लवी बऱ्याच दिवसांनी हसली. 

दिवाळीत तिला पाहायला पाहुणे आले. तिला इतक्यात लग्न नको होतं. घरचे म्हणाले, आपण काही बोलायचं नाही, ते समजून घेतील. सुट्टी संपवून मेसमध्ये आली आणि ताटावर बसण्याआधी तिने मुलाच्या बायोडाटावरचा नंबर स्पीकरवर लावला. पहिल्याच रिंगला मुलाच्या वडिलांनी उचलला. पल्लवीने माझा पदर घट्ट धरला होता.
“काका, मी वणीची पल्लवी. माझा नकार हाय. तुमच्या मुलाचं काही चुकलं नाही. वाट पाहू नका, म्हणून सांगून राह्यले.”
काका म्हणाले,
“बरं केलं पोरी, सांगतलंस. वावरात रेंज नसते, म्हणून घरीच बसून होतो. जातो आता.”