मायाक्काची खूण आणि हौसाक्काचे टायर

मायाक्कानं सरपंचाच्या माडीकडं कधी मान वर करून बघितलं नाही. कुणाच्या म्हशीनं दोन वेळच्या घागरी भरल्या तरी तिच्या कपाळाला आठी पडली नाही. तिच्याजवळ होता नव्हता तो सगळा हेवा तिनं एकाच घरासाठी राखून ठेवला होता. ते घर थोरल्या जावेचं, हौसाक्काचं.

मंगळवेढ्याकडच्या माळावर दोघींची घरं समोरासमोर. हौसाक्कानं अंगणात परसातनं काय आणलं, कुणाला चहा दिला, हे मायाक्काला चुलीपुढं बसून दिसायचं, आणि न दिसलं तर ती उठून दारात यायची. सासरा गेल्यावर रान वाटलं, मेंढरं वाटली, भांडीसुद्धा वाटली. वाटायची राहिली ती मेंढरांवरची खूण. गेरूच्या दोन आडव्या रेघा आणि खाली ठिपका. सासऱ्यानं घालून दिलेली खूण, ती सोडायची कुणी? म्हणून दोन्ही घरं तीच करीत राहिली. फरक एवढाच की मायाक्का डावखुरी, तिच्या रेघा जरा कलंडलेल्या यायच्या.

मेंढरं बाजारात न्यायला हौसाक्काच्या बिरुदेवानं पिकअप गाडी घेतली. मग मायाक्का आपल्या जोतिरामाला सुखानं भाकर खाऊ देईना. शेवटी त्यानंही घेतली. आणि तिथं मायाक्काचं नशीब उघडलं. दिवाळीच्या अवसेला गावच्या देवाची पालखी ओढ्यापलीकडच्या गावी आपल्या भावाला भेटायला जाते. पूर्वी खांद्यावर जायची, आता सडकेनं गाडीत बसून जाते, आणि ती गाडी जोतिरामाची असते. कारण एवढंच की पहिल्या वर्षी बिरुदेवाची गाडी बंद पडली होती. पण मायाक्काच्या तोंडून ऐकलं तर वाटावं, देवानंच बोट दाखवून गाडी निवडली.

यंदा पंचातले तात्याबा घरी आले. चहा घेतला, बाहेर गेले, जोतिरामाच्या गाडीच्या टायरावरनं हात फिरवला.

"मायाक्का, माझ्या टकलावर ह्याच्यापेक्षा जास्त केस हायत. देव बसवायचा हाय ह्याच्यात."

"मग?"

"नवे टाकले तर पालखी तुमच्या गाडीत. न्हायतर बिरुदेव टाकतोयच उद्या."

झालं. दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवायला आणि मायाक्का गाडीत पुढं जाऊन बसायला एकच गाठ.

"आये, टायर आणायचेत. मेंढरू न्हाय, तू बघायला," जोतिराम म्हणाला.

"तू बघून आणलेलं मेंढरू आठवतंय मला. चल."

सोलापुरात जुन्या पुणे नाक्याजवळ महेबूबभाईंचं टायरांचं दुकान. त्यांनी दोन तऱ्हा दाखवल्या. एकाच्या अंगावर सरळ सरळ रेघा, भांग पाडलेल्या पोरासारखा शहाणा दिसणारा. दुसरा मोठ्या गठ्ठ्यांचा, रुंद, काळाभोर, लढाईला निघालेल्या एडक्यासारखा.

"मौशी, मालाची गाडी हाय ना? मग ये सादावाला लेव," महेबूबभाई म्हणाले. "गठ्ठेवाला चिखलात चांगला. डांबरीवर लई घुमतो."

मायाक्कानं साध्याकडं बघितलं. हे तिलाही पटत होतं. मग तिनं विचारलं, "काल आमच्या गावचं कोण आलतं का हितं?"

"आला था ना एक. बिरुदेव. गठ्ठेवाला बघून गेला. आईला घेऊन येतो बोलला. चारचा एकच सेट राहिलाय या मापाचा."

मग कसलं पटणं आणि कसला सादा. मायाक्का वाकली. मेंढराची लोकर फाकवून कातडं बघावं तशी तिनं गठ्ठ्यांमधून बोटं घातली, अंगठ्यानं दाबून बघितलं, वास घेतला. चारी टायर आडवे पाडायला लावून चारींभोवती फिरली.

"हेच."

"आये, ते सांगत्यात की आवाज येतो."

"तुझ्या बापाच्या घोरण्यात मी जन्म काढला. हेच."

जोतिरामानं पैसे दिले. दुकानात गर्दी होती, टायर बसवायला दुपार होणार होती. आता बाजारात मेंढरू पसंत केलं आणि ते तिथंच सोडून चहाला जायचं असलं, तर माणूस काय करतो? खूण करतो. मायाक्काच्या चंचीत सुपारीशेजारी गेरूचा खडा कायम असायचा. तिनं तो थुंकीनं ओला केला आणि चारी टायरांच्या कुशीवर दोन रेघा, एक ठिपका ओढला. मग निश्चिंत मनानं मायलेक ढोलाला नवं कातडं घ्यायला गेली.

परत आली तर टायर नव्हते. महेबूबभाई नमाजाला गेले होते, मागं कामगार होता.

"ते तर बसवले ना. बिरुदेवभाऊ आले, त्यांची अम्मा आली. अम्मा बोली, हे आमचंच, ही आमच्या घरची निशानी. पैसे देऊन गेले."

बिरुदेवाला वाटलं होतं खूण आईनं केली. आईला वाटलं होतं पोरानं कालच येऊन केली. घरची खूण बघितल्यावर कुणी कुणाला विचारलंच नाही. महेबूबभाई आले, कपाळावर हात मारून घेतला, फोन लावतो म्हणाले. मायाक्कानं त्यांचा हात धरला. फोन करून सांगायचं काय? खूण माझी म्हणावं तर तिचीही. हौसाक्काच्या दारात उभं राहून टायर मागायचे, त्यापेक्षा चाकं काढून गाडी फरफटत नेलेली बरी.

शेवटी त्याच पैशात साधे टायर बसवले. मायाक्का घरी आली तर समोरच्या अंगणात बिरुदेवाची गाडी उभी. त्या काळ्याभोर टायरांवर लाल रेघा अशा उठून दिसत होत्या, की तिनं भाकरी करपवली.

अवसेला तात्याबा दोन्ही अंगणं फिरले. एकीकडं साधे, एकीकडं गठ्ठ्यांचे. पोरंसोरं गठ्ठ्यांभोवतीच जमलेली.

"दोन्ही नवेच की. पर देवाला जरा रुबाब पाहिजे," तात्याबा म्हणाले, आणि पालखी बिरुदेवाच्या गाडीत गेली. जोतिरामाच्या गाडीत ढोलवाले बसले.

मायाक्का दाराला टेकून उभी होती. जायचंच नाही असं तिनं ठरवलं होतं. तेवढ्यात हौसाक्का अंगण ओलांडून आली. लई वर्षांत आली नव्हती.

"माये, परवा गाडीची पूजा करताना मी टायर बघितले. रेघा कललेल्या हायत."

मायाक्कानं डावा हात पदराखाली घेतला.

"तवाच कळलं कुणाच्या हाताच्या त्या. आता काढून द्यावं तर गावात तमाशा. चल, तू पुढं बस. देवाच्या गाडीत."

मायाक्का बसली. राग होता, पण पुढची जागाही होती. मध्ये हौसाक्का, खिडकीला ती. गाडी सडकेला लागली आणि टायर घुमायला लागले. घूंऽऽऽ करून असा आवाज, की मागच्या गाडीतला ढोल ऐकू येईना. बिरुदेव काहीतरी विचारायचा, हौसाक्का "आं?" म्हणायची, परत तेच. भंडारा उधळणारे कुठं थांबायचं ते ओरडून सांगत होते आणि कुणालाच कळत नव्हतं. मायाक्का आरशातून मागं बघत होती. जोतिरामाची गाडी मांजरासारखी, पाय न वाजवता येत होती.

देवांची भेट झाली. निघायच्या वेळी पुजारी तात्याबांना म्हणाला, "येताना पालखी जोतिरामाच्या गाडीत घ्या. ह्याच्यात ढोलाचा ठेका कळत न्हाय, देव कशावर डुलंल?"

पालखी उचलून जोतिरामाच्या गाडीत आली. आता मायाक्काच्या पोटात थंडावा पडायला हवा होता. पडला नाही. तिची नजर बिरुदेवाच्या गाडीखालीच. उन्हात ते गठ्ठे काय दिसत होते, आणि त्यावर तिच्या हाताच्या रेघा.

हौसाक्का शेजारी येऊन उभी राहिली. ती जोतिरामाच्या टायरांकडं बघत होती, अगदी टक लावून. ती नजर मायाक्काच्या चांगली ओळखीची होती. रोज आपल्याच डोळ्यांत असायची.

"माये, बदलायचे का गं टायर? तुझे हायतच ते. तुझे तू घे, हे आमाला दे. माप एकच हाय."

मायाक्काला हेच तर हवं होतं. व्हय म्हणायला तिनं तोंड उघडलं. मग वाटलं, हौसाक्का मागती म्हणजे ह्या साध्यांत काहीतरी असणार. तिनं जोतिरामाच्या टायरावर हात ठेवला. पहिल्यांदाच ठेवला.

"न्हाय आक्का. हे असू द्यात."

घरी आल्यावर तिनं चंचीतला गेरू काढला आणि त्या चारी साध्या टायरांवर खूण केली. दोन रेघा, एक ठिपका. मग समोरच्या दाराकडं एकदा बघून, ओल्या गेरूवर अंगठा घासून, प्रत्येक ठिपक्याशेजारी तो उठवून ठेवला.