आधी उडी कुणाची

मी हेल्मेट काढून त्याच्यापुढं धरलं. त्यानं हात पुढं केला नाही.

"खाली ठेव," रोहन म्हणाला. मग शेजारी उभ्या असलेल्या मेकॅनिकला म्हणाला, "बसू अण्णा, हे धुऊन टाका. नको, राहू दे. तिलाच देऊन टाका."

बेळगावच्या बाहेर, तांबड्या माळावर, मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीतल्या बाईक शर्यतींच्या, टीमची निवडचाचणी चालली होती. आसपासच्या गावांतली पोरं आपापल्या गाड्या घेऊन आलेली. बऱ्याच जणांकडं धड हेल्मेट नव्हतं, म्हणून टीमनं आपली दिली होती. हे रोहनचं जादाचं. सकाळपासून ते किती पोरांच्या डोक्यावर फिरलं होतं. एकानं काढलं की दुसऱ्यानं घातलं. घाम सगळ्यांचाच होता. रोहननं स्वतः मध्ये एकदा घातलं होतं.

मग माझी पाळी आली. मी सुटायच्या गेटवर उभी असताना टीमचे मालक आले. त्यांना सगळे सर म्हणायचे. एकेकाळी स्वतः शर्यती मारलेले, टिळकवाडीत बंगला, रोहन त्यांचा पुतण्या. त्यांनी विचारलं, "कुठली गं तू?"

"निपाणी."

"निपाणीत कुठं?"

मी आमच्या वस्तीचं नाव सांगितलं.

"अच्छा. तिकडं," ते म्हणाले.

रोहन तिथंच उभा होता. त्यानं ऐकलं. एवढंच मधे घडलं होतं. बाकी हेल्मेट तेच, घाम तोच.

मी ते हेल्मेट घेतलं. हे मला लिहायला जड जातंय, पण घेतलं. सतरा वर्षांची होते. चांगलं हेल्मेट मिळालं म्हणून आतून खूशही झाले. अपमान कळला होता. पण गाडी हवी होती, आणि गाडी त्यांच्याकडं होती.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात गणित शिकवतात. आई सरकारी दवाखान्यात नर्स. आज्जी तंबाखूच्या वखारीत राबून खोकत मेली, तिनं अण्णांना शिकवलं. घरात पुस्तकं होती, बुद्धवंदना होती, बाबासाहेबांचा फोटो होता. गाडी नव्हती. गाडी मामाच्या गॅरेजात होती. तंबाखू निघाली की रानं मोकळी व्हायची. त्या ढेकळांतनं मी मामाची जुनी गाडी पळवायला शिकले. पडायची, उठायची, परत चढायची. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढला. तो फिरत फिरत सरांकडं गेला आणि मला चाचणीचं बोलावणं आलं.

चाचणीत ते वेग बघत असतील असं मला वाटलं होतं. वळणावर मी घसरून पडले. आता गेलं सगळं, असं म्हणतच उठले, गाडी उचलली, किक मारली. सर हसले. शेजारच्या माणसाला म्हणाले, "बघितलंस? ह्या लोकांची हाडंच चिवट असतात."

मी ते घरी येऊन सांगितलं. कौतुक म्हणून सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

माझी निवड झाली. टीमनं गाडी दिली, बूट, छातीचं कवच, जर्सी दिली. टायर, पेट्रोल, खाणं, शिकवणं सगळं त्यांचं. अण्णांनी माझा जर्सीतला फोटो शाळेत सगळ्यांना दाखवला. शनिवार आला की मी निपाणीहून बसनं बेळगावला जायची, सोमवारी परत.

जेवताना माझं ताट कुणी वेगळं ठेवलं नाही. तसलं उघड काही नव्हतं. मी बाकावर बसले की बाकावरची पोरं हळूहळू उठायची, इतकंच. बसू अण्णा मात्र माझ्याशेजारी बसून जेवायचे. कन्नड बोलायचे, मराठी मोडकंतोडकं.

नवीन उडी बांधली की सर मला हाक मारायचे.

मोटोक्रॉसमध्ये मातीचे दोन मोठे ढीग असतात, मधे खड्डा. एका ढिगावरून उडायचं आणि दुसऱ्याच्या पलीकडच्या उतारावर टेकायचं. वेग कमी पडला तर दुसऱ्या ढिगाच्या तोंडावर आदळता. जास्त झाला तर उतार ओलांडून सपाट जमिनीवर. बांधलेल्या उडीला किती वेग लागतो, कुठला गिअर, हे बघून कळत नाही. कुणीतरी मारून बघावी लागते.

"जा गं, दाखव यांना," सर म्हणायचे.

मी मारायची. छाती फुगायची माझी. सगळ्यांच्या आधी मी. रोहनच्याही आधी. सर कडेला उभे राहून बघायचे, मग विचारायचे, "कुठला गिअर? थ्रॉटल किती?" मी सांगायची. ते रोहनकडं वळायचे आणि तेच त्याला सांगायचे. मग रोहन उडायचा. सुरेख उडायचा. एकदा मी कमी पडले, हँडल छातीत बसलं, पंधरा दिवस श्वास घेताना कळ यायची. सर रोहनला म्हणाले, "सेकंडमध्ये होत नाही. थर्ड टाक."

शर्यती सुरू झाल्या. रोहन पुण्याला गेला, कोइमतूरला गेला. मी विचारलं की सर म्हणायचे, "पुढच्या वेळी. तुझी अजून तयारी व्हायचीय."

एकदा गाडीची चेन घट्ट करताना बसू अण्णा वर न बघता म्हणाले, "येळ्ळूरला एक पोरगा हाय. जाऊन भेट."

"कोण?"

"तुझ्या आधी होता."

त्यांनी त्याचं नाव सांगितलं. महेश. मग पाना घेऊन दुसऱ्या गाडीकडं गेले.

मी येळ्ळूरला गेले. गल्लीत विचारत विचारत घर सापडलं. महेश दारात खुर्चीवर बसला होता. उठला तेव्हा काठी घेऊन उठला. डावा पाय गुडघ्याखाली वाकडा बसलेला. माझ्याएवढाच असेल, नाहीतर वर्षभर मोठा. मी टीमचं नाव घेतलं तसा त्यानं माझ्या बुटांकडं बघितलं.

"तुला पण हाडं चिवट हाईत म्हणाले व्हय?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली.

"मला म्हणालते, शेतकऱ्याची हाडं लई चिवट," तो म्हणाला. "लई बरं वाटलंतं मला."

नवी उडी होती. तो आधी गेला. कमी पडला. पाय गाडीखाली सापडला. सरांनी दवाखान्यात पोचवलं, पहिला आठवडा फोन केले. नंतर म्हणाले, सरावात पडलास, शर्यतीत नव्हे, टीम काय करणार. पुढं फोन उचलायचे बंद झाले.

त्याच्या आईनं पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. मी कुठली, तिनं विचारलं होतं, मी सांगितलंही होतं. तरी दिला. महेश मराठ्याचा पोरगा. त्याचं हेल्मेट कुणी धुवायला सांगितलं नव्हतं. पण उडीवर आधी त्यालाच पाठवलं होतं. परत येताना बसमध्ये मी हेच घोळवत होते. जात बघतात, नक्की बघतात. आणि त्याखाली आणखी एक यादी असते. कुणाचं मोडलं तर चालतं, त्याची.

पुढच्या रविवारी मी माळावर गेले तेव्हा नवी उडी तयार होती. आजवरची सगळ्यांत मोठी. शर्यतीच्या ट्रॅकवर तशीच असणार होती म्हणे. आदल्या दिवशी वळीव झालेला. मी चालत पलीकडच्या उतारावर गेले. ताजा मुरूम नुसता ओतलेला होता, दाबलेला नव्हता. मी पाय रोवला तर घोट्यापर्यंत आत गेला. अशा मातीत पुढचं चाक रुततं आणि माणूस हँडलवरून पुढं फेकला जातो.

मी सरांना सांगितलं, "सर, माती बसल्याली न्हाय. रोलर फिरवाय पायजे."

"रोलर उद्या येतोय. तू मारून बघ. कुठं दाबायला लागतंय ते कळेल."

मी गाडीवर बसले. हेल्मेट घातलं. इंजिन चालू होतं. बसू अण्णांनी गाडी धरली होती. ते वाकून पुटपुटले, "ब्याड, तंगी." नको, बहिणी.

मी इंजिन बंद केलं.

सगळ्यांनी वळून बघितलं.

"काय झालं?" सर म्हणाले.

"रोहनला मारू दे आधी."

कुणीतरी हसलं. रोहन हसला नाही. तो त्या उतारावरच्या मातीकडं बघत होता. त्याला माहीत होतं. त्याला आधीपासून सगळं माहीत होतं.

सर जवळ आले. आवाज चढवला नाही त्यांनी. "रोहन रायडर आहे गं. त्याला काही झालं तर अख्खा सीझन जाईल."

"आन् मला झालं तर?"

त्यांनी घड्याळ बघितलं. खरंच घड्याळ बघितलं.

"वेळ घालवू नकोस. मारणार का नाही?"

"न्हाय."

"मग उतर. जर्सी काढ. टीमची आहे."

मी उतरले. जर्सी काढली, कवच काढलं, हातमोजे काढले. आत शाळेचा टी-शर्ट होता. सगळी पोरं बघत होती. त्यांच्या बघण्यानं अंग भाजत होतं.

"बूट पण," रोहन म्हणाला.

बूट काढले. माझ्या चपला टीमच्या व्हॅनमध्ये होत्या, व्हॅनला कुलूप होतं. मागायची इच्छा झाली नाही. मी अनवाणी हमरस्त्यापर्यंत चालत आले. मुरूम पायात घुसत होता. त्या चालण्यात मी रडले, खोटं का सांगू. पण परत वळावं असं एकदाही वाटलं नाही.

घरी अण्णांनी सगळं ऐकून मोबाईल हातात घेतला. म्हणाले, "मी सरांना फोन करून बघू का? समजूतदार माणूस आहे. माफी मागून टाकू."

आई माझ्या तळव्यातले खडे काढत होती. मान वर न करता म्हणाली, "माफी कशाची?"

अण्णांनी फोन खाली ठेवला.

पुढं काय व्हायचं ते झालं. चिकोडीकडं एका गावात खुली शर्यत होती. मामाची गाडी घेऊन गेले. आयोजकानं तोंडावर सांगितलं, "तुला घेता येणार न्हाय. वरनं सांगितलंय." वरनं कोण, हे त्यानं सांगितलं नाही. मी दुसरीकडं गेले, तिथंही तेच.

आणि आता टीमला नवी पोरगी मिळाली आहे. आमच्याच भागातली, नववीत शिकते. तिचा व्हिडिओ मी बघितला. वळणावर पडते, उठते, गाडी उचलते. मागून टाळ्या ऐकू येतात. मागून एक हसणंही ऐकू येतं. ते हसणं मी ओळखते.

मी तिच्या घरी गेले. सगळं सांगितलं. महेशचा पाय सांगितला. तिचा बाप म्हणाला, "तुला काढलं म्हणून जळतीस व्हय गं?" पोरगी नव्या बुटांच्या नाड्या आवळत बसली होती. माझ्याकडं बघत नव्हती. मीही एकेकाळी बघितलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मामाच्या गॅरेजसमोर टीमची जीप येऊन थांबली. कुणी उतरलं नाही. काच खाली झाली नाही. बराच वेळ उभी राहिली आणि गेली. संध्याकाळी अण्णांना फोन आला. सर नेहमीसारखे मऊ बोलले. "गुरुजी, पोरगी हायवेवर गाडी चालवते म्हणे. जपा तिला. दिवस बरे नाहीत."

अण्णांनी ते शब्द न् शब्द मला सांगितलं. त्यांनी मला विचारलं, "आता काय करणार आहेस?"

या रविवारी माळावर नवी उडी उघडणार आहे. त्या पोरीला आधी पाठवणार, हे बसू अण्णांनी कळवलंय. मी जाणार आहे. महेशही येतो म्हणालाय. मी भांडायला जाणार नाही, समजावायलाही जाणार नाही, ते करून झालं. मी पलीकडच्या उतारावर, जिथं गाडी टेकते तिथं, जाऊन उभी राहणार आहे. मी उभी असेपर्यंत कुणाला उडता येणार नाही. जीप आणू देत, माणसं आणू देत.

आधी रोहनला उडवा म्हणणार. तोवर हलणार नाही.