कमरेचा पहिला मणका

"बर्स्ट फ्रॅक्चर आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे मणका नुसता मोडत नाही, फुटतो, आणि त्याचे तुकडे मागच्या मज्जारज्जूवर दाबतात. माझी बायको विजू शेजारी स्ट्रेचरवर होती. कमरेखाली तिला काहीच कळत नव्हतं. मी सगळं समजल्यासारखी मान हलवत होतो. ती चालेल का, एवढंच विचारायचं होतं आणि तेच विचारवत नव्हतं.

सकाळी आम्ही दारव्ह्याला पुतणीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, गेलो होतो. परतताना खिडकीतून रुमाल टाकून मी बसमध्ये मधली एक जागा धरली आणि पाठ दुखते म्हणून स्वतःच बसलो. माझी पाठ पंचवीस वर्षं दुखते, विशेषतः पिशव्या उचलायच्या वेळी. विजू शेवटच्या बाकावर बसली. यवतमाळ जवळ आलं आणि बस गतिरोधकावरून उडाली.

डॉक्टरांनी प्लास्टिकचे मणके दोन तळव्यांत धरून दाबून दाखवले. शेवटचा बाक चाकांच्या मागे, तिथला माणूस सगळ्यात उंच उडतो. तो खाली येतो तेव्हा बाक वर येत असतो. वरून धडाचं वजन, खालून दणका, आणि मधे कमरेचा पहिला मणका. बाहेर रक्ताचा थेंब नाही.

मग त्यांनी विचारलं, "बसमधून उतरवलं कसं? तेव्हा पाय हलत होते?"

हलत होते. मी पाहिलं होतं. तरी काखेत हात घालून तिला उठवलं, खाली आणलं, ऑटोत बसवलं. लोक म्हणाले, भाऊ हिमतीचा आहे. मलाही तसंच वाटलं होतं.

मी तोंड उघडायच्या आत विजू म्हणाली, "मीच उठली जी, डॉक्टरसाहेब. मले कोणी हात नाई लावला."

डॉक्टरांनी तसं लिहिलं. मी लिहू दिलं.

ऑपरेशन झालं, स्क्रू आणि सळ्या बसल्या. चौथ्या दिवशी मी डॉक्टरांना व्हरांड्यात गाठून खरं सांगितलं. ते म्हणाले, "दणक्यानं किती झालं आणि उचलल्यानं किती, हे आता कोणीच सांगू शकत नाही. दुसऱ्यांना मात्र सांगा. असा दणका बसला तर माणसाला आडवंच ठेवायचं, मदत येईपर्यंत हलवायचं नाही."

विजू आता व्हीलचेअरवर असते. उजव्या पायाचा अंगठा हलतो, तो व्यायाम करून घेणाऱ्या ताईंच्या चिकाटीमुळे. खोटं काहून बोललीस, असं एकदा विचारलं.

"तुमी तिथंच रडत बसले असते. मंग माह्याकडे कोन पाह्यलं असतं?"

केस पेपरवर अजून 'स्वतः उठली' असंच आहे. म्हणून इथं लिहितो. ती उठली नव्हती. मी उठवलं.