तळाशी ठेवलेल्या शेंगा

ताईंना बसलेलं आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. खाणावळीत बाक आहेत, एक वेताची खुर्ची आहे, मागच्या दाराला दगडी पायरी आहे, पण ताई उभ्याच. पातेल्याकडून ओट्याकडे, ओट्याकडून खिडकीकडे, खिडकीतून रस्ता बघून पुन्हा आत. हातातलं फडकं सतत काहीतरी पुसत असतं. पुसायला काही उरलं नाही की ते दुसरा हात पुसतं. त्यांच्याकडे जेवताना आपणही भराभर जेवतो, आणि बाहेर पडल्यावर लक्षात येतं की आपल्यामागे कुणीच लागलं नव्हतं.

इथे ‘आज काय आहे?’ असं विचारायची पद्धत नाही. सकाळी दारात जे येईल ते दुपारी ताटात. अंडी पलीकडच्या इस्त्रीवालीच्या कोंबड्यांची, लिंबं शाळेच्या कुंपणातल्या झाडाची, मासे नदीचे, तेही कोळ्याची मर्जी असेल तर. बाजारातून येतं ते तांदूळ, तेल आणि मीठ. ‘ज्या मातीवरून रोज चालता तीच ताटात आहे, नाकं कसली मुरडता?’ असं ताई म्हणतात. समोरच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातले घड्याळजी म्हणतात, ‘माती आहे हे कालच्या पालेभाजीत कळलंच.’ मग ताई त्यांना आणखी एक डाव वाढतात. शिक्षा म्हणून.

भाजी मात्र दादांची. दादा म्हणजे ताईंचे थोरले भाऊ. शेवटच्या घरांच्या मागून चढ सुरू होतो, त्या चढावर त्यांचा मळा आणि एक खोली. सकाळी दूधवाला खाली येताना त्यांची टोपली सायकलला बांधून आणायचा आणि मागच्या पायरीवर ठेवायचा. दुपारी परत जाताना त्याच भाजीचा डबा वर न्यायचा. टोपली खाली, डबा वर. भावाबहिणीत याच्यापलीकडे ये-जा नव्हती. बोलणं तर नव्हतंच.

का, ते सगळ्यांना ठाऊक होतं, कारण भांडण सगळ्यांसमोर झालं होतं. दादांना शेंग वेलीवर भरू द्यायची हौस. ताईंना कोवळी हवी. एका दुपारी दादा बाकावर जेवत असताना ताईंनी टोपली त्यांच्या पुढ्यात उपडी केली. ‘या शेंगा आहेत की सुतळी? मला माणसांना घालायच्या आहेत, गुरांना नाही.’ जेवणारे हसले. तेच नडलं. दादा भरल्या ताटावरून उठले. ‘या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही,’ म्हणाले. ‘मग मीही तुझा चढ चढणार नाही,’ ताई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी टोपली नेहमीसारखी आली. शेंगा तशाच जून.

तेव्हापासून ताई टोपली वाचायला लागल्या. मुळ्याचा पाला पिवळा असला तर, ‘पाय दुखतायत त्याचे, खालच्या वाफ्यापर्यंत गेला नाही.’ कांदे मातीच्या ढेकळांसकट आले तर, ‘चिडलाय.’ त्या डब्यातून काय उत्तर पाठवायच्या ते आम्हाला कळत नसे. एखाद्या दिवशी डब्यात मीठ मुद्दाम कमी पडत असावं.

त्या दिवशी सकाळपासून वारा सुटला होता. पुढचं दार आपटत होतं, कडी लावली तरी थरथरत होतं. ताई नदीवर गेल्या होत्या आणि कोळ्याने त्यांना ताटकळत ठेवलं होतं. टोपली उतरवून घेतली ती सुनेने. मुलगा ट्रकवर असतो, खाणावळीत सासू आणि सून दोघीच. सून या घरात आली ती भांडणानंतर. तिच्या लग्नाला नवऱ्याचे मामा, म्हणजे दादा, आले नव्हते, टोपली आली होती.

‘दादांनी आज सगळा मळाच उचलून दिलाय,’ दूधवाला म्हणाला आणि पुढच्या घरी गेला. टोपली एकीला उचलेना. वर भोपळा, त्याखाली मुळे, पालेभाजी, मग शेंगा. आणि अगदी तळाशी, भोपळ्याच्या पानात गुंडाळलेल्या, वाळून खुळखुळणाऱ्या थोड्या शेंगा. सुनेने त्या फोडल्या आणि दाणे रश्श्यात टाकले. वाया काही घालवायचं नाही, हे तिला सासूनेच शिकवलं होतं.

ताई परतल्या तेव्हा भाजी चिरून झाली होती. ओट्यावरच्या शेंगा त्यांनी बोटांनी मोडून पाहिल्या. कट्‌कन मोडल्या.

‘या आजच्या?’

‘आजच्याच. कोवळ्या आहेत ना छान?’

‘कोवळ्या आहेत,’ ताई म्हणाल्या, ‘तेच म्हणते.’

मग त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. डाळ समजून त्या तांदूळ शिजत घालायला निघाल्या, भरलेलं भांडं पुन्हा भरायला नळाखाली धरलं. नमणारा माणूस नव्हे तो. तो कोवळ्या शेंगा पाठवतो म्हणजे काय? खिडकीतून चढाचा एक तुकडा दिसतो, तेवढा बघून त्या आत येत आणि पुन्हा बघायला जात. दूधवाला डबा घेऊन गेला. पहिली पंगत बसली.

‘ताई,’ घड्याळजी म्हणाले, ‘रश्श्यात स्क्रू कुणाच्या घड्याळाचे पडलेत?’ दाताखाली आलेलं काहीतरी त्यांनी काढून ताटाच्या कडेला ठेवलं.

‘दात हलतायत तुमचे. माझ्या रश्श्याला नावं ठेवू नका.’

‘आहेत तेवढे घट्ट आहेत. बघा तरी.’

ताईंनी पाहिलं. पांढरा दाणा, पोटाशी तपकिरी डोळा. हा दाणा त्यांच्या स्वयंपाकघरात कधीच येत नसे. तो राखेत घोळून मडक्यात राहायचा आणि पेरणीलाच बाहेर निघायचा. त्यांच्या आईने तो तसा ठेवला होता, आईमागे दादांनी. या वेलाच्या शेंगा दुसऱ्या कुणाकडे नव्हत्या.

‘हे कुठून आलं गं?’

‘टोपलीतच होतं, आई. तळाशी. वाळक्या शेंगा होत्या.’

‘किती घातलंस?’

‘होते तेवढे सगळे.’

‘अगं, बी होतं ते!’

सून हातातली पळी तशीच धरून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज चढला. ‘मला कोण सांगणार? मामा बोलत नाहीत, तुम्ही मामांचं नाव काढत नाही. मी काय टोपलीला विचारू?’

ताईंनी वाटी घेतली आणि त्या ताटाताटातून दाणे वेचायला लागल्या. आम्ही हात वर धरून बसलो. कुणी म्हणालं, ‘माझा गिळला गेला, ताई,’ आणि कुणीतरी हसलं, मग हसायचं राहिलं. वाटीत मूठभर दाणे जमले. सगळ्यांची सालं सुटलेली. बोटांत दाबला की डोळ्यापाशी चिरायचा, आत मात्र कच कायम. ना धड शिजलेले, ना धड जिवंत.

मग ताई एकदम थांबल्या. ‘डब्यात गेला हा रस्सा?’

‘गेला ना.’

मळा उचलून दिला, कोवळ्या शेंगासुद्धा तोडून टाकल्या, आणि तळाशी बी. जो पुन्हा पेरणार नाही तोच बी देऊन टाकतो. दादांनी ते बहिणीच्या हवाली केलं होतं, त्यांना जमत होतं त्या एकाच रीतीने. आणि बहिणीने ते शिजवून त्यांच्याच डब्यात परत पाठवलं होतं. त्या दोघांच्या भाषेत याचा अर्थ एकच होत होता: तुझं काही नको मला.

ताईंनी फडकं घड्याळजींच्या खांद्यावर टाकलं. ‘वाढा यांना,’ म्हणाल्या, आणि वाऱ्याने उघडलेल्या दारातून बाहेर पडल्या.

पुढचं आम्हाला त्यांनीच सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी, वाढता वाढता.

चढावरचे दगड त्यांच्या आठवणीतल्या जागी नव्हते. चपलेचा अंगठा तुटला, ती त्यांनी हातात घेतली. दूधवाला वाटेत कुणाशी तरी गप्पा मारत थांबला असेल, डबा अजून सायकलीलाच असेल, एवढ्या आशेवर त्या चढत होत्या. पहिल्याच वळणावरून, मळ्याच्याही वर, त्याची सायकल त्याच्या घराच्या भिंतीला टेकलेली दिसली. मोकळी. मग त्या काय बोलायचं ते मनात जुळवायला लागल्या, पण दम लागत होता आणि वाक्यं मधेच सुटत होती.

वाफे उघडे पडले होते. दादा खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते, एक पाय सरळ पुढे ठेवून. गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला. डबा उघडा. भात संपलेला, रस्साही. झाकणावर मात्र दाणे होते, पाण्याने धुऊन, एकाशेजारी एक वाळत ठेवल्यासारखे.

‘शिजलेलं बी उगवत नाही, एवढं कळतं मला,’ दादा म्हणाले. ‘पण टाकवलं नाही.’

ताईंनी हातातली चप्पल खाली टाकली.

‘नको तर नको म्हणायचं होतंस, भिंगरे. परत पाठवायचंस. शिजवायचं कशाला?’

‘मी नाही. सुनेने. तिला काय माहीत.’

‘तू कुठे होतीस?’

‘नदीवर. मासे आणायला.’

‘मासे!’ दादा म्हणाले. माशांवरून त्यांचं भांडण शेंगांच्याही आधीचं होतं.

मग कळलं ते असं. गुडघ्याने दादांना आता रोज रोज वाफ्यापर्यंत जाववत नव्हतं. लेक उद्या गाडी घेऊन येणार होती, तिच्याकडे न्यायला. तिचं घर वरच्या मजल्यावर, तिथे कुंडीलाही जागा नाही. मळा शेजारी कसणार होता, आणि तो सगळीकडे कांदे लावणार होता.

‘सांगितलं नाहीस,’ ताई म्हणाल्या.

‘पाठवलं की.’

‘असं सांगतात?’

‘मग आपण कसं सांगतो?’

वाऱ्याने झाकण हललं. दादांनी त्यावर हात ठेवला.

‘आणखी नाही का कुठे?’

दादांनी हनुवटीने खोलीमागची दगडी भिंत दाखवली. वेल भिंतीवरून शेजारच्या झाडात चढला होता. ‘वर आहेत थोड्या. माझा हात पोचला नाही.’

ताईंनी पदर खोचला आणि त्या भिंतीवर चढल्या. दगड डुगडुगत होते.

‘ती नको, ती ओली आहे. डावीकडची घे. डावीकडची म्हटलं!’

‘माझं डावं की तुझं?’

‘अजून डावं-उजवं कळत नाही आणि खाणावळ चालवते.’

‘खाली येऊ का मी? तूच चढ मग!’

भिंतीवरून त्यांना त्यांचं छप्पर दिसलं. धूर नको तितका काळा होता. ‘खाली काहीतरी लागलंय,’ त्या म्हणाल्या.

‘लागू दे. ती वरची तोड.’

रस्सा तळाला लागलाच होता. घड्याळजींनी इतक्या सढळ हाताने वाढलं होतं की उशिरा आलेल्यांना नुसता भात मिळाला. ताई परतल्या, पण पातेल्याकडे बघायलाही थांबल्या नाहीत. मूठभर शेंगा त्यांनी फळीवर ठेवल्या, सुनेला म्हणाल्या, ‘याला कुणी हात लावायचा नाही. मी सांगितलंय आता,’ आणि मागच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. अंगणात मातीच नव्हती. चिखल आत येतो म्हणून त्यांनीच फरशा बसवून घेतल्या होत्या. त्या लोहाराकडून पहार घेऊन आल्या. भांडी तशीच पडलेली, आणि सासू-सून फरशी उचकटतायत. आम्हीही हात लावला. खालची माती पिवळी निघाली, घट्ट, बंद खोलीसारख्या वासाची. ताईंनी ती चिमटीत घेऊन चुरली आणि कुणाकडेच बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीची गाडी पुढच्या दाराशी थांबली. दादा उतरले, भिंत धरत धरत वळसा घालून मागे गेले. पुढच्या दारात पाय ठेवायचा नव्हता, तो शेवटपर्यंत ठेवला नाही. टोपली ठेवायच्या पायरीवर ते बसले. सुनेने वाकून, ‘मामा, चुकलं माझं,’ म्हटलं. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. ‘रस्सा चांगला होता,’ म्हणाले. ‘दाणे भिजवून घालायचे होते.’

मग बहिणीला सूचना. ‘बोटाच्या दुसऱ्या पेराएवढं खोल. पाणी बेताचं. आणि उकरून बघायचं नाही. तुझा हात स्वस्थ बसत नाही म्हणून सांगतो.’

‘नाही बघणार.’

‘बघशील.’

‘नाही म्हटलं ना!’

लेकीने हॉर्न वाजवला. ताईंनी डबा दिला. दादांनी तो कानाशी धरून हलवला. ‘यात बी नाही ना?’

आता सकाळी टोपली येत नाही. भाजी इकडून तिकडून गोळा होते, एखाद्या दिवशी नुसती अंडीच असतात. तरी दूधवाल्याची घंटा वाजली की ताई मागच्या पायरीपर्यंत जातात, दूध घेऊन परत येतात. तिथून पुन्हा मातीकडे. पहिल्या पंगतीनंतर एकदा, दुसऱ्या पंगतीच्या मधेच एकदा.

काल घड्याळजी हात धुवायला मागे गेले, तर ताई मातीशी उकिडव्या बसलेल्या.

‘काय चाललंय, ताई?’

‘तण काढतेय.’

तिथे तण नव्हतं. काहीच नव्हतं. ताईंचं बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत होतं. त्यांनी ते हळूच वर घेतलं. बोटावर फुगलेला दाणा, साल फाटलेली, आणि तपकिरी डोळ्यातून बाहेर आलेलं पांढरं, दोऱ्याएवढं काहीतरी. ताईंनी तो घाईघाईने परत पुरला, माती दाबली, चढाच्या दिशेने एकदा मान वर करून पाहिलं, आणि तशाच सरकत पुढच्या खड्ड्यापाशी गेल्या.