माझ्या तोंडचं ‘व्हय’

माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्या मुलखात निजामाचं राज्य होतं. वडील वाशीजवळच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेचे मास्तर. मुलगा परंड्याचा, सुतारकाम करणारा. तो बघायला आला, मी खाली मान घालून चहा दिला, आणि थोरामोठ्यांनी बोलणी पक्की केली. आम्ही ख्रिस्ती, म्हणून तीन रविवार उपासनेत आमच्या लग्नाचा पुकार झाला. कुणाची हरकत असेल तर सांगा, असं जमलेल्या मंडळीला विचारलं गेलं. मला मात्र कुणीच काही विचारलं नाही.

लग्न लावायला पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, बार्शीहून बैलगाडीनं आले. बार्शी इंग्रजांच्या हद्दीत, त्यामुळं करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर त्यांची पिशवी उलटीपालटी करून पाहिली होती. तरी ते हसतच उतरले.

शाळेच्या खोलीतच लग्न होतं. नवरी कबूल आहे का, असं आधी नवऱ्या मुलाला विचारलं; त्यानं नीट उत्तर दिलं. मग पाळकसाहेब माझ्याकडं वळले. ‘‘बाई, हा नवरा तुला कबूल आहे का?’’

मी गप्प. नवरीनं चारचौघांत तोंड उघडायचं म्हणजे आमच्याकडं निलाजरेपणाच. त्यांनी पुन्हा विचारलं. माझी मान आणखी खाली गेली.

आत्या म्हणाली, ‘‘लाजतीय ती. व्हय म्हनल्यावानीच हाय. लावा तुमी.’’

‘‘असं नाही चालायचं,’’ पाळकसाहेब म्हणाले. ‘‘दोघांनी राजीखुशीनं, देवासमोर, साक्षीदारांच्या कानांवर पडेल असं बोलायचं. त्यानंच लग्न लागतं. माझ्या नुसत्या प्रार्थनेनं लागत नाही.’’

वडिलांचा चेहरा पडला. मागं बसलेली शेजारची चाची मात्र मोठ्यानं म्हणाली, ‘‘हमारे में भी कबूल बोले बगैर निकाह नै होता, मास्तर. पूछने दो उनको.’’

पाळकसाहेबांनी मला पडवीत नेलं. ‘‘पोरी, नको असेल तर सांग. तुझ्या वडिलांशी मी बोलेन. तुला कुणी रागावणार नाही.’’

‘‘नको न्हाय,’’ मी म्हणाले, आणि रडूच आलं. ‘‘पन त्यांच्या मनात हाय का, ते मला ठावं न्हाय. लगीन ठरवताना त्यास्नी तरी इचारलं हुतं का कुनी?’’

त्यांनी नवऱ्या मुलाला बाहेर बोलावलं आणि माझा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. तो कानापर्यंत लाल झाला. माझ्याकडं न बघता पाळकसाहेबांनाच म्हणाला, ‘‘म्याच आईच्या मागं लागलो हुतो, साहेब. नाताळात हितं आलो हुतो, तवा ही पोरास्नी गानी शिकवत हुती. एक पोरगं सारखं चुकत हुतं, तर ही त्याच्यासंगं मुद्दाम चुकीचंच म्हनाय लागली, अन् सगळी हसली. तवाच ठरवलं.’’

मला ते आठवतही नव्हतं. पण कुणीतरी आपल्याला एवढं नीट पाहिलंय, हे ऐकून छातीवरचं ओझंच उतरलं.

आत गेल्यावर पाळकसाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं. मी ‘‘व्हय!’’ म्हणाले, ते इतक्या जोरात की खोलीभर हशा पिकला. वडीलही हसले, उपरण्यानं डोळे पुसत. आत्यानं विचारलं, ‘‘आता तरी अक्षता टाकू का?’’

‘‘टाका की,’’ पाळकसाहेब म्हणाले. ‘‘लग्न लागलंय. आता आनंदानं काय टाकायचं ते टाका.’’

तिनं अक्षतांची मूठभर ज्वारी त्यांच्याच डोक्यावर टाकली.

दुपारी आमची गाडी परंड्याकडं निघाली. वाटेत चढ लागला तसे हे बैलांचा भार कमी करायला खाली उतरले. थोड्या वेळानं मीही उतरले. सासूबाई गाडीतून म्हणाल्या, ‘‘अगं, नवी नवरी तू, बस की!’’ मी म्हणाले, ‘‘चालते थोडं.’’ पदराआडून भाजलेल्या शेंगांची पुरचुंडी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. आम्ही दोघं शेंगा फोडत, टरफलं वाटेवर टाकत गाडीमागून चालत राहिलो. हे लाकडांबद्दल सांगत होते, बाभळीचं कशाला चांगलं, सागाचं कशाला. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण ऐकत राहावंसं वाटत होतं.